मडमिणीच्या घुमटाखाली

त्या साली पावसाने पोळ्याआधीच हात आखडता घेतला. बांधावरचं गवत गुडघ्याला लागायच्या आत पिवळं पडलं. सुंदरबाईची म्हैस नुकतीच व्यालेली, आणि गव्हाणीत टाकायला मागच्या वर्षीचा काळा पडलेला कडबा. म्हैस तो हुंगायची आणि मान फिरवून सुंदरबाईकडे बघत उभी राहायची. नंदुरबारच्या सगळ्या शिवारात हिरवं म्हणावं असं गवत एकाच जागी उरलं होतं. तळोद्याच्या वाटेला, नाल्यापलीकडे, टोपीवाल्या गोऱ्यांच्या जुन्या कबरस्तानात. तिथे ते कमरेला लागत होतं, कारण तिथे कुणी ढोरं घालत नव्हतं की विळा.

तसं नंदुरबारला मेलेल्यांच्या जागांची वाण नव्हती. गाव जुनं, तसे त्याचे मेलेलेही जुने. पिराच्या टेकाडाखाली मुसलमानांच्या कबरींच्या रांगा होत्या. तिथे गुरुवारी एका कबरीवरचा दिवा आपोआप दुसरीवर जातो म्हणत. रुळांच्या पलीकडे छपन्याच्या दुष्काळात मेलेल्यांना एकत्र पुरल्याचा खड्डा होता. त्याच्या कडेने जाताना बाया पदरातले दोन दाणे टाकत, म्हणजे खालचे भुकेले मागे लागत नाहीत. डोंगराच्या वाटेवर भिलांचे कोरीव दगड उभे होते, त्यांना शेंदूर लागायचा, दारूची धार पडायची. हे सगळे मेलेले आपल्यातले होते. त्यांना काय हवं ते गावाला ठाऊक होतं, आणि गाव ते देत होतं.

टोपीवाल्यांचं तसं नव्हतं. ते कोण, कुठले, कोणत्या राज्यातले, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. कुणी म्हणे सुरतेहून आलेले वखारवाले, कुणी म्हणे वलंदेज, म्हणजे डच. विटांचे काही चौथरे आणि मधोमध एक मोठा घुमट, एवढंच उरलं होतं. घुमटातल्या दगडावरची अक्षरं पावसाने धुऊन नेली होती. ती जागा भरायला गावाने आपली गोष्ट घातली होती. घुमट मडमिणीचा. तिचा नवरा माल घेऊन सुरतेला गेला, मागे गावात मरी आली, नोकरचाकर पळाले, आणि मडमीण बंद खोलीत पाणी पाणी करत मेली. आता ती वाटसराला हाक मारते. आधी नुसतं ‘पानी’ म्हणते. कुणी थबकला, की त्याच्या जिवाभावाच्या माणसाचा आवाज काढते. आईचा, बायकोचा, मेलेल्या लेकराचा. त्या आवाजाला ओ दिली की संपलं. ओ देणाऱ्याचा आवाज ती ठेवून घेते, आणि आवाज गेलेला माणूस फार दिवस राहत नाही.

सुंदरबाईने आपल्या गजरालाही हे शिकवलं होतं. घुमटाकडून हाक आली तर ओ द्यायची नाही. मागे बघायचं नाही.

आणि तरी ती गेली. पितृपंधरवडा चालू होता, म्हणून मनात धाकधूक होतीच. पण ऊन लख्ख होतं, वाटेवर बैलगाड्यांची ये-जा होती, आणि म्हशीचं ते बघणं काही डोळ्यांपुढून जात नव्हतं. नवरा हिंमतराव शेतावर गेल्यावर तिने विळा आणि गवत बांधायची दोरी घेतली. गजराला सांगितलं, “मी आत्ते उनी,” आणि निघाली. कुठे जाते ते सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कुणी जाऊ दिलं नसतं.

कबरस्तानाच्या कडेकडेने कापायचं आणि निघायचं, असं तिने ठरवलं होतं. पण घुमटाच्या जवळ गवत जास्त दाट, जास्त कोवळं. एक पेंढी, मग अजून एक, असं करत ती घुमटाच्या पाठीला कधी गेली ते तिलाही कळलं नाही. तिथे पाय टाकला तेव्हा गवताखाली माती नव्हती. विटांची जुनी कमान होती, मुळांनी फोडलेली. सुंदरबाईला आधी विटा सरकल्याचा आवाज आला, आणि मग ती गवतासकट खाली गेली.

शुद्धीवर आली तेव्हा तोंडात माती होती आणि डावा घोटा आपला नसल्यासारखा झाला होता. वर पाहिलं तर विहिरीच्या तोंडातून दिसावं तसं आभाळ, पण सुपाएवढंच. भोवती अंधार. हात लावला तर गुळगुळीत चुना आणि विटा. बसकी, कमानदार खोली होती ती, घुमटाखालची. तिने उठायचा प्रयत्न केला आणि घोट्यातून अशी कळ गेली की ती परत बसली. बसली ती कशावर, हे तिला डोळे सरावल्यावर कळलं. कुजून भुसा झालेली लाकडं होती. त्यांत पितळी खिळे, फुलांच्या आकाराचे. आणि त्या भुशातून वर आलेली हाडं.

ती किंचाळली. इतक्या जोराने, की तिचाच आवाज भिंतींवरून फिरून दुसऱ्याच कुणाचा झाल्यासारखा तिच्या कानावर आला.

मग ती सरकत सरकत भिंतीला टेकली आणि पदर तोंडात धरून बसली. बराच वेळ काहीच झालं नाही. हाडं हलली नाहीत, कुणी पाणी मागितलं नाही. बाई की बाप्या, हे त्या हाडांवरून तिला काय कळणार? पण कुणी का असेना, निजलेलं होतं. तहान लागली होती ती सुंदरबाईलाच.

वर ऊन सरकलं. सुपाएवढ्या उजेडाचा तुकडा भिंतीवर चढत गेला. केव्हातरी शेळ्यांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू आल्या, आणि पाठोपाठ शीळ. ती शीळ तिच्या ओळखीची होती. गावच्या शेळ्या चारणाऱ्या भटूची.

“भटू! ए भटू!” ती ओरडली. “माले काढ रे! पानी दे रे भो, पानी!”

शीळ थांबली.

“भटू, मी शे! सुंदर! हिकडे ये!”

वर दगडावर पाय घसरल्याचा आवाज झाला. मग पळणारी पावलं, आणि त्यांच्या मागे घंटांचा गोंधळ, सगळ्या शेळ्या एकदम धावल्याचा. मग काहीच नाही.

तेव्हा सुंदरबाईच्या लक्षात आलं, की आपण नेमकं काय ओरडलो. पानी. आपलंच नाव. त्याचं नाव. गोष्टीत मडमीण जे जे करते, ते सगळं आपण एका दमात केलं. तिला हसू आल्यासारखं झालं आणि त्याच श्वासात रडू फुटलं.

आता काय ओरडायचं, हा विचार तिने केला. पानी म्हणायचं नाही. नाव घ्यायचं नाही. मग भिंतीवर दगड आपटावा? तर थडग्यातून आलेली ठकठक ऐकून कोण थांबेल? नुसतं रडावं? तर मडमीण रडते. गाणं म्हणावं? तिने विचार करून पाहिला, आणि तिला कळलं, की जमिनीखालून वर जाणारा असा एकही आवाज नाही, ज्याला गाव माणसाचा म्हणेल.

संध्याकाळी हिंमतराव आला. म्हणजे तो वाटेवर आला, नाल्याच्या अलीकडे, आणि सोबत चार माणसं. ती तिला शोधत होती. “सुंदर! ए सुंदर!” ही त्याची हाक तिला लांबून ऐकू आली आणि तिच्या अंगातलं सगळं बळ गळ्यात गोळा झालं.

“गजराना बाप!” ती ओरडली. “मी आठे शे! घुमटमा! पाय मोडी गया मन्हा, माले काढा!”

वरच्या हाका थांबल्या. मग कुणीतरी घाईघाईने म्हणालं, “ओ दिऊ नको, हिंमतराव.”

“तिन्हा आवाज शे,” हिंमतराव म्हणाला. “आयका ना तुम्ही? तिन्हाच आवाज शे.”

“मंग तेच तं सांगी ऱ्हायनू. तिन्हाच काढी ना ती! भटूले भी तिन्हाच नाववर हाक मारी तिनी. तिनी सुंदरले गिळं, आते तुले बलाई ऱ्हायनी.”

“गजराना बाप, मी जित्ती शे!”

तो ओरडला नाही. ओ दिली नाही. सुंदरबाई कान लावून बसली होती. त्याने नाल्यातल्या दगडगोट्यांवर एक पाऊल पुढे टाकल्याचा आवाज तिला आला, हे ती पुढे कितीही वर्षं झाली तरी शपथेवर सांगू शकली असती. एक पाऊल पुढे आलं. मग कुणीतरी त्याला दंडाला धरून मागे ओढलं असावं, आणि तो ओढला गेला.

ती रात्र कशी गेली हे तिला नंतर नीट सांगता आलं नाही. सुरतेहून येणारी गाडी शिट्टी वाजवत गेली, तेवढं तिला आठवत होतं. आणि हेही, की केव्हातरी तिने भुशातली ती हाडं हाताने चाचपून एका बाजूला सारखी करून ठेवली आणि त्यांच्या शेजारी आडवी झाली. भीती संपली होती असं नाही. भीती घालायला आता जागा उरली नव्हती.

सकाळी अर्धं गाव आलं. यावेळी नाल्याच्या अलीकडे थांबलं नाही, कारण सोबत वाहरू भगत होता. वाहरू काही वाईट माणूस नव्हता. चांगल्या-वाईटाला तो गावाच्या उपयोगी पडायचा, पण टोपीवाल्यांच्या भुताला काय लागतं हे त्याच्या बापानेही त्याला सांगितलं नव्हतं. नारळ फुटला, लिंबू कापलं, राखेची रेघ ओढली गेली. त्याचा आवाज कापत होता.

“भोक पडनं म्हनीसन ती बाहेर बोलाले लागनी,” वाहरू म्हणाला. “इतला वरीस कमान साबूत व्हती. हाई तोंड बुजी टाका. मोठा दगड ठेवा, त्यावर माती टाका.”

“आन् सुंदर?” हा हिंमतराव.

“सुंदर आते कोठे शे, भो?”

खाली सुंदरबाईने ओरडायला तोंड उघडलं, तर घशातून नुसती खरखर बाहेर पडली. रात्रभर ओरडून, तहानेने, तिचा आवाज तिचा राहिला नव्हता. वरच्या गर्दीत एक लाट उठली. बघा, बदलला आवाज. दगड सरकवायला पहारी लागल्या. चौथऱ्याची एक शिळा घासत घासत जवळ येत होती. त्या धक्क्यांनी कमानीतली माती तिच्या डोक्यावर, डोळ्यांत पडू लागली. सुपाएवढं आभाळ एका कडेने कमी व्हायला लागलं.

मग तिने ते केलं, जे तिने लग्नाच्या दिवशी उखाण्यात केलं होतं आणि त्यानंतर आयुष्यात कधी केलं नव्हतं.

“हिंमतराव!” ती ओरडली. “हिंमतराव! हिंमतराव!”

शिळा थांबली. सुंदरबाईला वाटलं, जिंकलं.

“आयकं?” वाहरू म्हणाला, आणि आता त्याचा आवाज कापत नव्हता, कारण त्याची स्वतःची खात्री पटली होती. “आयकं ना सर्वास्नी? कोनती अस्तुरी आपला मालकनं नाव लेस? सुंदर लेती का? सांग हिंमतराव, तुन्ही बायको कधी तुन्हं नाव लेती का?”

हिंमतराव काय म्हणाला ते तिला ऐकू आलं नाही. पण शिळा परत हलू लागली.

प्रमिलाबाई तेव्हा आली.

प्रमिलाबाई ही सुंदरबाईची थोरली जाऊ. घर एकच, अंगण एकच, पण मधे आठ वर्षांची अबोल भिंत. मानमोडीच्या साथीत प्रमिलाबाईचा नवरा आणि दोन वर्षांचा मुलगा एका आठवड्यात गेले. सुंदरबाईची गजरा तेव्हा तान्ही, ती वाचली. तेरावं झाल्यावर प्रमिलाबाई एकदा अंगण ओलांडून आली, गजराला उचललं, छातीशी धरून बराच वेळ बसली आणि परत ठेवून गेली. ती दाराबाहेर पडते न पडते तोच सुंदरबाईने मीठ-मोहऱ्या घेऊन पोरीवरून ओवाळल्या आणि चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. प्रमिलाबाईने मागे वळून पाहिलं. त्या दिवसापासून तिने सुंदरबाईशी शब्द काढला नव्हता, चांगला नाही की वाईट नाही. दिराशी बोलायची, गजराला जवळ घ्यायची नाही, आणि आपल्या वाट्याच्या दोन खोल्यांत एकटी राहायची.

आता ती विहिरीचा दोर खांद्यावर टाकून गर्दीतून पुढे आली. विधवा बाई पुढे येते म्हणून दोघं-तिघं बाजूला झाले. ती राखेच्या रेघेजवळ थांबली.

“दगड थांबाडा,” ती म्हणाली.

“वहिनी, मांगे व्हय,” हिंमतराव म्हणाला. “ती सुंदर नही शे.”

“कसावरथीन?”

“भगतले इचार. ती मडमीन शे. आपला जीव लायेल मानूसना आवाज काढस ती.”

प्रमिलाबाईने खांद्यावरचा दोर खाली ठेवला.

“जीव लायेल मानूसना ना?” प्रमिलाबाई म्हणाली. “मंग कालदिनपासून ती माले काबर हाक मारत नही? माले फसाडनं ऱ्हातं तं मन्हा मालकना आवाज काढती. मन्हा बाळूना काढती. आन् मी इचार न करता तठे उडी टाकती, भगत, तुले सांगस. तिनी तं ह्या बाईना आवाज काढेल शे, जिन्हा तोंडले मी आठ वरीस तोंड दिधं नही. कोन भूत असा आवाज काढी मन्हासाठे?”

शिळेखालच्या पहारी थांबल्या.

प्रमिलाबाई रेघ ओलांडून भोकाच्या काठावर गुडघ्यांवर बसली. सुंदरबाईला उजेडात तिचं डोकं दिसलं, काळं, चेहरा न दिसणारं.

“सुंदर?”

आठ वर्षांनी ते नाव त्या तोंडातून आलं होतं. सुंदरबाई फक्त म्हणाली, “जिजी.”

“ओ!” प्रमिलाबाई म्हणाली. मुद्दाम, मोठ्याने, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं.

मागची माणसं एकदम मागे सरली. काही तर नाल्यापर्यंत गेली. दोर खाली आला. सुंदरबाईने तो काखेतून घेऊन बांधला. तिची बोटं इतकी सुजली होती की गाठ दातांनी ओढावी लागली. वर प्रमिलाबाईने दोराचा वेढा जवळच्या निंबाच्या बुंध्याभोवती घेतला आणि ओढायला लागली, पण एका बाईच्या हाताने तो ओढला जाईना. तेव्हा म्हातारा उखा, ज्याचं सगळं आयुष्य मोट हाकण्यात गेलं होतं, पुढे आला. काही न बोलता तिच्या मागे उभा राहून त्याने दोर धरला. दोघांनी मिळून ओढलं. विटांनी सुंदरबाईची पाठ सोलून निघाली.

ती वर आली, गवतावर पडली, आणि डोळे उघडले तेव्हा समोर हिंमतराव उभा होता. त्याच्या हातात पहार होती. ती त्याने खाली टाकली नव्हती.

प्रमिलाबाईने दोर गुंडाळला आणि पुढे चालू लागली. घरी पोहोचेपर्यंत ती सुंदरबाईशी एक शब्दही बोलली नाही.

सुंदरबाईला वाटलं होतं, बाहेर आलं की झालं. पण तसं झालं नाही. बैलगाडीत घालून तिला घरी आणलं, हाडवैद्याने घोटा बांधला, आणि मग वाहरूने हिंमतरावाला बाजूला घेऊन सांगितलं, की खाली जे गेलं तेच वर आलं का, हे आधी कळू दे. सर्वपित्री अमावस्येपर्यंत तिला चुलीजवळ जाऊ देऊ नको. पोरीला तिच्याजवळ निजवू नको. म्हणून तिची बाज मागच्या पडवीत टाकली गेली, म्हशीच्या शेजारी. तिने पाणी मागितलं, तर हिंमतराव तांब्या भरून आणायचा आणि जमिनीवर ठेवून मागे सरायचा. मग ती हात लांब करून घ्यायची.

अमावस्या गेली. वाहरू म्हणाला, कोजागिरी जाऊ दे. कोजागिरी गेली, दिवाळी आली. दर वेळी एक नवी तिथी निघे आणि दर तिथीनंतर हिंमतराव तिच्याकडे तसाच बघे, दारातून, अर्धा आत अर्धा बाहेर. घोटा जुळला. ती लंगडत नदीवर जायला लागली, तर तिच्या आधी तिथे बसलेल्या बाया धुणं अर्धं टाकून उठायच्या. ती कुणाला पाठीमागून हाक मारायची, तर ती बाई थिजून उभी राहायची, वळायची नाही, ओ द्यायची नाही. शेवटी सुंदरबाईने हाक मारणंच सोडून दिलं. घरात ती खुणेने बोलायला लागली. विटांची खोली निदान एवढीशी होती, तिला चार भिंती होत्या. ही खोली सगळ्या गावाएवढी झाली होती, आणि तिला वरून उजेड यायला भोकही नव्हतं.

एके दिवशी दुपारी गजरा बापाची नजर चुकवून पडवीत आली आणि आईच्या मांडीत डोकं घालून पडली. सुंदरबाईने तिच्या केसांतून हात फिरवला. बाहेर हिंमतरावाची चाहूल लागली तशी पोरगी उठून पळाली. थोड्या वेळाने स्वैपाकघरातून मोहऱ्या तडतडल्याचा आवाज आला.

सुंदरबाई उठली. लंगडत स्वैपाकघराच्या दाराशी गेली. हिंमतराव चुलीसमोर उकिडवा बसला होता, मूठ अजून रिकामी करत होता, आणि गजरा त्याच्या पुढ्यात मुकाट उभी होती. सुंदरबाई आत गेली नाही. दारात उभी राहून बोलली, आणि इतक्या दिवसांनी तिचा आवाज तिलाच घोगरा वाटला.

“तुम्हले माहीत व्हतं,” ती म्हणाली.

हिंमतरावाने मान वर केली नाही.

“त्या सांजले. तुम्ही एक पाय पुढे टाका व्हता. मी आयका. तुम्हले माहीत व्हतं, मी शे. आन् मंग तुम्ही परत गया. आते मी मडमीन नही निघनी, तं तुम्ही आपली बायकोले टाकीसन गया, असं व्हई. म्हनीसन मी मडमीनच पाह्यजे तुम्हले.”

चुलीतला धूर डोळ्यांत जात असल्यासारखा तो डोळे चोळत राहिला. ती थांबली होती ती रागाने नव्हे. त्याने एवढंच म्हणावं, की मी भ्यालो, आणि ती तिथल्या तिथे त्याच्याजवळ बसली असती. भ्यायला ती स्वतःही कमी भ्याली नव्हती. पण तो बोललाच नाही.

तेव्हा तिने गजराचा हात धरला आणि अंगण ओलांडलं.

प्रमिलाबाई उखळात मिरच्या कुटत होती. तिने दोघींकडे पाहिलं आणि मुसळ थांबवलं.

“जिजी,” सुंदरबाई म्हणाली, “मी त्या रोज मीठ-मव्हऱ्या—”

“देखं व्हतं मी.”

“मंग काबर उनी तू? दोर लईसन?”

प्रमिलाबाईने मुसळ भिंतीला टेकवलं. “तुन्हा आवाज आयका ना मी,” ती म्हणाली. “मंग काय करती?” आणि गजराकडे बघून म्हणाली, “तिखाना ठसका लागी तुले, पोरी. आतली खोलीमा जाय.”

त्यानंतर सुंदरबाई त्या दोन खोल्यांतच राहिली. भांडण झालं नाही, पंचायत बसली नाही. हिंमतराव ज्वारीचं पोतं दाराशी आणून ठेवायचा, म्हैस त्याने दोघींच्या दावणीला आणून बांधली, पण उंबरा ओलांडून तो कधी आला नाही. दोघी जावा एकमेकींशी फार बोलत होत्या असंही नाही. आठ वर्षांची सवय एकदम मोडत नाही. पण एकीने हाक मारली की दुसरी ओ द्यायची, लगेच, घराच्या कुठल्याही कोपऱ्यातून.

गावात मात्र गोष्ट वाढत गेली. नव्याने आलेल्या सुना एकमेकींना सांगत, की एका पाटलाची बायको मडमिणीने ठेवून घेतली आणि तिच्या जागी स्वतः वर आली, पाय मात्र तिला माणसासारखा टाकता येत नाही. गजरा वयात आली तेव्हा ही गोष्ट तिच्या पुढे पुढे चालत होती. शहाद्याचं एक स्थळ आलं, मुलगी पसंत पडली, आणि चार दिवसांनी निरोप आला, नको. तळोद्याचे पाहुणे तर जेवायलाच बसले नाहीत. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याने सुंदरबाईच्या पायांकडे टक लावून पाहिलं. तेव्हा प्रमिलाबाई पुढे होऊन म्हणाली, “मी मन्हा हातनी वढेल शे तिले वर. दोन मानसेस्ना हात सोलाई गयात. भूतले इतलं वजन ऱ्हास का?” पण ते उठले ते उठलेच.

मग लोणखेड्याहून सुगंधाबाई म्हणून एक बाई आली, मुलाची आई, बरोबर फक्त भाऊ. बसकी, सावळी, पान खाणारी. भाऊ हिंमतरावाशी बोलत ओट्यावर बसला आणि ती सरळ आत आली. गजराला तिने एकदा पाहिलं, स्वैपाक येतो का विचारलं, आणि मग सुंदरबाईकडे वळली. प्रमिलाबाईने बोलायची तयारी म्हणून पदर खोचला.

“घुमटमा पडी गयती ती तूच ना?” सुगंधाबाईने विचारलं.

सुंदरबाईने मान हलवली. आता ही उठेल, म्हणून ती वाट बघत राहिली.

पण सुगंधाबाई आणखी ऐसपैस बसली. “किती खोल व्हतं ते?” ती म्हणाली. “आन् अंधारमा काय दिसे तुले? मी मन्ही मायना गावले धाकलपनमा विहिरमा पडनी व्हती. दिनभर व्हती मी तठे. कोनी इचारं नही माले आजलोंग.”

इतक्या वर्षांत सुंदरबाईबद्दल गाव किती बोललं असेल, त्याला मोजमाप नव्हतं. पण खाली काय होतं, हे तिला कुणी विचारलं नव्हतं. नवऱ्याने नाही, भगताने नाही, प्रमिलाबाईनेही नाही. तिने गळा साफ केला.

“फार खोल नही,” ती म्हणाली. “दोन मानसे एकमेकना खांदावर उभा ऱ्हायनात तं हात पुरी जाता. पन मी एकलीच व्हती ना.” आणि मग ती सांगायला लागली. चुन्याची गुळगुळीत भिंत, भुसा झालेलं लाकूड, पितळी फुलांचे खिळे. ती हाडं कशी सारखी करून ठेवली, आणि ते जे कुणी होतं ते कसं शांत होतं. सांगता सांगता तिचा आवाज मोठा झाला. गजरा दाराआडून ऐकत होती, तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. प्रमिलाबाईने खोचलेला पदर सोडला आणि तीही खाली बसली. ओट्यावरचं बोलणं कधीच थांबलं होतं. हिंमतराव उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभा होता. आत आला नाही, पण गेलाही नाही.

ऊन अंगणातून निघून गेलं तरी सुंदरबाईचं सांगणं संपलं नव्हतं. सुगंधाबाई मधेच विचारायची, “मंग?” आणि ती पुढे सांगायची.

वैशाखात गजरा लोणखेड्याला गेली.